ओंडक्यावरचे दोन निळे

डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली. पेटीभर ओलं शेवाळ. दाराखालच्या फटीत कोंबलेला टॉवेल. सकाळपासून एकमेकींशी धड न बोललेल्या मायलेकी.

प्राणिसंग्रहालयाचा निळा विषारी बेडूक हरवला होता. लेक तिथे बेडकांची देखभाल करायची. आजारी पडला म्हणून याला आठवडाभर घरी आणलं होतं. दुपारी परत न्यायचा होता, आणि ती टॉर्च घेऊन पलंगाखाली रांगत होती.

"काल पेटीची काच पुसताना झाकण काढलं होतंस?"

"काढलं असेल गं."

एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच निघालेला, दुसऱ्याचा बाकी. हल्ली आपण काय केलं, काय नाही, याची आईला खात्री नसायची. लेकीलाही नसायची, आणि तेच जास्त टोचायचं.

आई काचपेटीपाशी खुर्ची ओढून बसली. "पायाखाली आला, विष लागलं, तर?"

"विष जंगलातल्याला. तिथल्या मुंग्या खाऊन येतं ते. हा इथेच जन्मला, माश्यांवर वाढला."

"घरच्या जेवणाने नांगी टाकली म्हण."

लेक हसली नाही.

पेटीत कुजका ओंडका होता. त्यावर निळी बुरशी पसरलेली, मधूनमधून सालीचे काळे ठिपके. आईने नवा डोळा हाताने झाकला. सगळं मळकट, एकसारखं. मग जुना झाकला. पुन्हा नवा. पुन्हा जुना.

"इकडे ये जरा."

"आई, तो ओंडका पाहून झालाय माझा. बुरशी आहे ती."

"शाईसारखी निळी आहे ती बुरशी. आणि ही ढोलीपाशी, गॅसच्या ज्योतीसारखी?"

"एकच तर निळा आहे!"

"तुझेच डोळे जुने झालेत मग."

लेकीने काचेला नाक लावलं. दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिली. ढोलीपाशी एक गळा हलला.

ती मटकन खाली बसली आणि आईच्या गुडघ्यांवर डोकं टेकून हसू लागली. थांबेचना. आईने तिच्या केसांतलं जळमट काढलं.

"दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाक," आई म्हणाली.

काल संध्याकाळी झाकण लेकीकडून उघडं राहिलं होतं. आईने ते लावलं होतं.