इथेच बसून पाहण्यासाठी

"आज परत तीच?" हेडफोनताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कपाटातून डीव्हीडी काढली.

कॉलेजच्या ग्रंथालयात व्हिडिओ, कॅमेरे, ट्रायपॉड यांची देवघेव ताईंच्या काउंटरवर चाले. हेडफोनची वायर नीट गुंडाळून परत दिली नाही, तर कोणाचीही धडगत नसे. मुलांनी नाव पाडलं ते त्यावरूनच. आता डीव्हीडीसाठी समोर उभ्या असलेल्या बाईंना मात्र ताई वायरीवरून कधी बोलल्या नाहीत. बोलवेल तरी कसं?

डीव्हीडीवर शेवटच्या वर्षाच्या एका मुलाची फिल्म होती, परीक्षेसाठी केलेली. निकाल लागायच्या आधीच कॉलेजच्या फाटकासमोर त्याला गाडीनं उडवलं. मोठं वात्रट पोरगं. ट्रायपॉड न्यायला यायचा तो "ताई, तुमचं तीन पायांचं घोडं द्या" म्हणतच, आणि उशिरा परत आणला की "घोडं दमलं होतं हो" म्हणून हात जोडायचा. ताई चांगल्या झापायच्या आणि त्याची पाठ वळली की हसायच्या. आता कोणी ट्रायपॉड मागितला तरी त्यांना भरून येई.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी त्याचं नाव घेतलं आणि पुढे शब्दच फुटेना. ताई काय समजायचं ते समजल्या. बाहेरच्या माणसांना फिल्म दाखवायची नाही, हा नियम त्यांनी खुशाल गुंडाळून ठेवला.

"तुमचा नंबर देता? मशीन बंद असलं तर कळवीन. उगीच हेलपाटा नको."

"मी फोन ठेवत नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्या कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर येऊन बसत. फिल्मच्या शेवटी तो मुलगा स्वतःच कॅमेऱ्यासमोर येतो आणि विचारतो, "आवाज येतोय ना?" बाई दर वेळी मान हलवत. ते पाहून ताई गुंडाळलेल्या वायरी उगाच पुन्हा गुंडाळत.

एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "गुणी होता हो तुमचा लेक."

बाईंनी घाईघाईनं हेडफोन कानांना लावले.

आज ताईंनी डीव्हीडीबरोबर एक पेन ड्राइव्हही पुढे सरकवला. "ऐका. सुट्टीत मुलांच्या जुन्या फिल्म काढून टाकतात. हीसुद्धा जाणार. म्हणून मी कॉपी करून ठेवली. नियमात बसत नाही, कुठे बोलू नका. घरी घेऊन जा."

बाईंनी हात मागे घेतला. "घरी नको."

"अहो, असं काय करता? एवढी एकच तर आठवण. त्याचा आवाज घरात राहील."

"राहायलाच हवा," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या आईच्या घरात. तुम्ही नेऊन द्याल? मी त्यांच्या दारापर्यंत जाते आणि तशीच परत फिरते. बेल वाजवायला हात उचलवत नाही."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मग तुम्ही कोण?"

बाईंनी पेन ड्राइव्ह ताईंकडे परत सरकवला. मागच्या टेबलावर कोणीतरी पानं उलटत होतं.

"गाडी माझा मुलगा चालवत होता," त्या म्हणाल्या. "आणि कुठवर आलास म्हणून विचारायला फोन मी केला होता."