तिसरा चढ

"बसल्या बसल्या एकशे अठरा?" हृदयाची तपासणी घेणाऱ्या ट्रीनाने पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा पाहिला, मग वेसचे बूट. त्यांच्यावरचा बर्फ अजून वितळत होता. "वेस, खरं सांगा. जिने चढून आलात ना?"

वेस निएमी मान खाली घालून बुटांवरचा बर्फ झटकू लागला. त्याची बायको डार्ला मात्र थोडीच गप्प बसणार!

"चार मजले! वर पोचल्यावर पाच मिनिटं जागच्या जागी कवायत. मी म्हटलं, अरे, ही कॉपी झाली. पण ऐकतो कुणाचं!"

वेसच्या छातीतलं हृदय दोन वर्षांपूर्वी बसवलेलं. दुसऱ्याचं हृदय बसवताना नसा तोडाव्याच लागतात. मग पाय पळू लागले तरी त्याला लगेच कळत नाही. निरोप रक्तातून रमतगमत पोचतो. म्हणून ही माणसं साधा जिना चढण्याआधीसुद्धा थोडी कवायत करून ते जागं करून घेतात. मागच्या खेपेला ट्रेडमिलच्या सरकत्या पट्टीवर तिसऱ्या चढाला वेसचे पाय गळाले, तेव्हा ठोक्यांचा आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांनी सही नाकारली. त्या सहीवाचून डलूथ शहरातल्या टेकडीवरचं टपाल वाटायचं काम त्याला पुन्हा मिळणार नव्हतं. सव्वीस वर्षं थैली खांद्याला लावून त्याने ते टपाल घरोघर पोचवलं होतं, आणि आता ऑफिसात बसून पाकिटं निवडताना त्याचा जीव नुसता गुदमरत होता.

"वीस मिनिटं गुपचूप बसायचं," ट्रीना म्हणाली. "आकडा खाली आला की खरी परीक्षा."

आकडा ब्याण्णववर आला. वेस पट्टीवर उभा राहिला तो फाशीला निघाल्यासारखा.

पट्टी सरकू लागली. सपाटीवरच नव्व्याण्णव. पट्टी जरा उचलली गेली, तसे एकशे सहा. वेसचं लक्ष नव्हतं. तो आपला पावलं मोजत होता. ट्रीना मात्र खुर्चीतून उठून पडद्याजवळ आली.

"दम किती लागतोय? सहा म्हणजे मुळीच नाही, वीस म्हणजे जीव जाईस्तोवर. मधला आकडा सांगा."

"ठीक आहे."

"ठीक आहे हा आकडा नाही."

"बरं, मग वाईट नाही."

"अगं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही हा असंच म्हणत होता," डार्ला म्हणाली.

दुसरा चढ. एकशे सतरा. मग तिसरा. वेसने कठडा घट्ट धरला आणि पाय गळायची वाट पाहिली. पाय गळाले नाहीत. धाप लागली, पण ती चढ चढणाऱ्या कुठल्याही माणसाला लागते तशी. त्याने भीत भीत वर पाहिलं. एकशे एकोणतीस. पट्टी आणखी उचलली गेली आणि आकडाही तिच्याबरोबर वर गेला.

वेसला एकदम भरून आलं. डोळे पुसायला हात सोडावा तर तोल जाईल, म्हणून त्याने ते तसेच वाहू दिले.

"दुखतंय का कुठे?" ट्रीनाने विचारलं.

"नाही गं पोरी. बरं वाटतंय. फार बरं वाटतंय."

तिने पट्टी हळू केली. आकडाही लगोलग उतरू लागला.

"नसा पुन्हा जुळू लागल्यात," ती म्हणाली. "सगळ्यांच्या नाही जुळत, वेस. डॉक्टर आज सही करतील."

वेस खाली उतरून बाकावर बसला. डार्लाने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला आणि हात तिथेच ठेवला. तिला वाटलं, आता टेकडीचं विचारेल, थैलीचं विचारेल.

"त्या आईला पत्र लिहायचंय," तो म्हणाला.

हृदय एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं होतं आणि ते द्यायला तिच्या आईने होकार दिला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. हॉस्पिटलमार्फत पत्र धाडता येत होतं. दोन वर्षांत वेसने किती कागद फाडले, ते डार्लाने मोजायचं सोडून दिलं होतं. आभार हा शब्द लिहिला की त्याचं पेन तिथेच थांबायचं.

"काय लिहिशील?" तिने विचारलं.

वेसने छातीवर हात ठेवला.

"लिहीन, तुमची लेक आज माझ्याबरोबर चढ चढली. एकदाही मागे राहिली नाही."