शुक्रवारची फर्माईश

निजामपुऱ्यात शुक्रवारी कापड विणायचे लूम बंद असतात, म्हणून जुन्या मराठी गाण्यांच्या रेडिओवर अब्दुर्रहमानची फर्माईशही शुक्रवारचीच असायची. स्वतःच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेलं ते एकच गाणं, बायको अतियासाठी. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून त्याचे कान कधीच गेले होते. कार्यक्रम संपला की तो अतियाकडे बघून विचारायचा, "लागलं?" ती होकारार्थी मान हलवायची आणि रेडिओ बंद करायची.

२००८च्या मे महिन्यात रेडिओ स्टेशनवरची पूर्वी नावाची मुलगी घरी आली. तिच्या हातात त्याच्या पाच वर्षांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा होता.

"काकू, काका आमचे पहिल्या दिवसापासूनचे श्रोते, म्हणून भेटायला आले. सोमवारपासून स्टेशन बंद होतंय. आणि माफी पण मागायची होती. काकांचं गाणं आमच्याकडे कधी नव्हतंच. खूप शोधलं, पण रेकॉर्डच मिळाली नाही. एकदाही लावता आलं नाही."

अतियाने नुसतं "हो" म्हटलं आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

अब्दुर्रहमान पूर्वीच्या ओठांकडे टक लावून बघत होता, पण त्याला काही उमगेना. लूमवाले बोलतात तसं तोंड मोठं करून बोलायची त्या पोरीला सवय नव्हती. शेवटी त्याने बायकोला विचारलं, "काय म्हणते ती?"

अतिया त्याच्यासमोर येऊन बसली आणि एकेक शब्द ओठांवर नीट मांडत म्हणाली,

 

"म्हणते, पुढच्या शुक्रवारी दोनदा लावू."