किनवटची सुकन्या

लेकीच्या नीटच्या परीक्षेसाठी शिवकांता उदगीरचं घर, नवरा, दुकान सगळं सोडून लातुरात एका खोलीत येऊन राहिली. पण मंजुश्री क्लासहून आली की फोनमध्ये तोंड खुपसून कधी न पाहिलेल्या मैत्रिणींशी खुदुखुदु हसायची, अन् आईनं विचारलं की एकच, "काही न्हाई गं." शिवकांताचा नुसता जळफळाट व्हायचा. मी इथं भाकऱ्या थापून राहिले, अन् हिचं हसू त्या भवान्यांना!

शेवटी तिनंच इन्स्टावर खोटं खातं उघडलं. नाव सुकन्या, गाव किनवट, नीटला दुसऱ्यांदा बसलेली. महिनाभरात मंजुश्री सुकन्याला सगळं सांगू लागली. मार्क घसरले, जेवण जात नाही, लई भीती वाटते. आता शिवकांताला सुकन्याचाही हेवा वाटायला लागला. एका दुपारी गॅसपाशी पाठमोरी उभी राहून तिनं लिहिलंच, "हे तू आईला का सांगत न्हाईस?"

मागं पुस्तक घेऊन बसलेल्या मंजुश्रीचं उत्तर लगेच आलं.



"आई हल्ली सारखी फोनमध्येच असते गं. आत्ताबी तव्यावर भाकरी करपून राहिली, तिला पत्ताच न्हाई."