मागच्या इंजिनाची गाडी

लग्नाला चार वर्षं झाली, पण शेवंतीला नवऱ्याने एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. उन्हाळ्यात काजू पिकले की भिकाजी म्हणायचा, "मगे काजी कोण काढतलो?" आणि पावसाळ्यात, "ह्या चिखलातसून गाडी खंयसून येतली?" तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली होती.

शेवटी कुडाळच्या गॅरेजात काम करणाऱ्या तिच्या भावाने, लवूने, लष्कराच्या मोडीतली एक जीप कापली. इंजिन उचलून मागच्या चाकांवर बसवलं, म्हणजे वजनाने ती चाकं चिखलात पकड धरतील आणि गाडीचं नाक हलकं राहील. हे कानावर आल्यावर भिकाजी खिदळला, "तुझ्या भावाची अक्कल पण मागेच आसा काय गो?"

एकोणसाठच्या आषाढात ती गाडी गुडघाभर चिखल उडवत थेट खळ्यात येऊन थांबली. शेवंती बोचकं घेऊन चढून बसली.

"आणूक मी येवचंय नाय," भिकाजी गुरगुरला. "परत कधी येतलंस ता सांग."

 

साडीवरचे शिंतोडेही न झटकता शेवंती म्हणाली, "जावक चिखल चलता. येवक मात्र रस्तो होयो."