नोट्समध्ये नसलेला पॉवर सप्लाय

सर, स्वतःला येत नव्हतं म्हणून तुम्ही एका पोरीला नापास केलंत.

२००५ साल, नाशिकचं एक पॉलिटेक्निक. तोंडी परीक्षेत सरांनी सविताला विचारलं, "नवं ग्राफिक्स कार्ड टाकताना आणखी काय बदलशील?" सविता पेठ तालुक्यातून शिकायला आलेली, संध्याकाळी एम. जी. रोडच्या दुकानात कॉम्प्युटर जोडणारी. ती म्हणाली, "पॉवर सप्लाय, सर. मोठ्या कार्डाला वीज जास्त लागते, जुना पुरत नाय."

सर फिसकन हसले. "पुरत नाय? आधी भाषा सुधार. आणि माझ्या नोट्समध्ये कुठंय हे? शून्य!" त्या एका विषयापायी तिचं वर्ष अडलं.

दिवाळीत सरांनी मोठ्या हौसेनं घरच्या कॉम्प्युटरला महागडं कार्ड बसवलं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, की कॉम्प्युटर फटकन बंद. चार दिवस डोकं खाजवून त्यांनी एम. जी. रोडच्या दुकानात फोन केला आणि दुकानदारानं नेमकं सवितालाच धाडलं. तिनं जुना पॉवर सप्लाय काढून मोठा बसवला. पडद्यावरची गाडी सुसाट पळाली.

सरांनी कॉलर ताठ करत बायकोला हाक मारली, "श्यामला, बघ! माझीच विद्यार्थिनी. मीच शिकवलंय हिला!"

सवितानं स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला.



"सर, पुढच्या महिन्यात माझी तोंडी परत तुमच्याकडेच हाय. तेव्हा कोणतं उत्तर देऊ? बरोबर, की तुमच्या नोट्समधलं?"