हिरवं म्हणजे डिझेल

पेट्रोल पंपावरच्या मामांना नव्या कंपनीचा इतिहास सगळ्यांच्या आधी पाठ झाला. दोन भाऊ, एका बंदरात त्यांचं कंदिलाच्या तेलाचं दुकान. थोरला लाल डब्यातून तेल विकायचा, धाकटा हिरव्यातून. पुढे भावाभावांत फाटलं आणि दोघांनी दोन कंपन्या काढल्या. थोरल्याला मोटारवाल्यांनी वर आणलं, धाकट्याला जहाजवाल्यांनी. नातवंडं शहाणी निघाली. त्यांनी कंपन्या पुन्हा एक केल्या आणि आजोबांचे डबे विसरायला नकोत म्हणून जगभरच्या आपल्या पंपांवर पेट्रोलला लाल रंग दिला, डिझेलला हिरवा. "म्हणजे भाऊबंदकी कुणालाच चुकली नाही," मामा म्हणाले, तेव्हा कंपनीकडून शिकवायला आलेला तरुण साहेबही हसला.

बोलण्यात मामा कधीच चुकले नाहीत. चुकायचा तो हात. पंपावर नव्या कंपनीची पाटी लागली त्याआधी इथे दुसरी कंपनी होती, आणि तिच्याकडे हिरवं म्हणजे पेट्रोल होतं. मामांचा उभा जन्म हिरवं नोझल उचलण्यात गेला होता. परवाच त्यांनी एका शिक्षकाच्या पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं. गाडी ओढून न्यावी लागली, पंपाच्या मालकीणबाईंनी शिक्षकाच्या घरी जाऊन माफी मागितली. तरुण साहेबाने मालकीणबाईंना बाजूला घेऊन कंपनीचा नियम सांगितला. एक चूक पोटात घालता येते, दुसऱ्या चुकीला माणूस पंपावरून बाजूला.

मालकीणबाईंनी मान डोलावली, पण मामांना सांगायला त्यांची जीभ रेटेना. लहानपणी खोक्यावर उभं करून त्यांना नोझल धरायला शिकवलं ते मामांनीच. रक्ताचं नातं नव्हतं, तरी वडील गेल्यावर "पंप विकू नकोस" म्हणणारे तेवढे एकटेच होते. मग उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता उद्घाटनाचा दिवस उजाडला.

कंपनीचे मोठे साहेब परदेशातून आले होते. फीत कापून झाली, भाषण झालं. कामगारांपैकी कुणाला कंपनीचा इतिहास ठाऊक आहे का, असं त्यांनी सहज विचारलं. मामा पुढे झाले आणि दोन भावांपासून नातवंडांपर्यंत सगळं घडाघडा सांगून मोकळे झाले. तरुण साहेब एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत होता, मोठे साहेब मान डोलावत होते. शेवटी त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, माझ्या गाडीत पहिलं पेट्रोल यांनीच भरायचं.

तरुण साहेबाने एकवार मालकीणबाईंकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मामांनी टोपी सारखी केली. गाडीची टाकी उघडली. मशीनचा आकडा शून्यावर आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायची त्यांची जुनी पद्धत, तसं त्यांनी साहेबांना हाताने मशीनकडे बघायला सांगितलं, आणि साहेबांकडे हसून बघतच दुसरा हात मागे नेला. हात सरळ हिरव्याकडे गेला. जराही घुटमळला नाही.

हाक मारली असती तर भागलं असतं. पण ती सगळ्यांनी ऐकली असती. मालकीणबाई लगबगीने पुढे गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मामा, पहिल्या गाडीला माझाही हात लागू द्या की." म्हणता म्हणता त्यांनी लाल नोझल काढून मामांच्या हातात दिलं, वर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून ते टाकीला लावलं. फोटो निघाले. जुन्या हातावर नवा हात, मोठे साहेब खूश झाले. कंपनीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा फोटो छापू म्हणाले. टाळ्या पडल्या.

मामा मात्र हातातल्या नोझलकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून जागेवरच लटकलेल्या हिरव्या नोझलकडे पाहिलं. मामांना कळलं हे मालकीणबाईंना कळलं, आणि शरमेने त्यांचेच कान तापले.

पाहुणे गेले, खुर्च्या आवरल्या गेल्या, तेव्हा मामा टोपी काढून ऑफिसच्या दारात उभे राहिले. मालकीणबाईंनी दोन दिवस मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली, पण मामांनी हात वर केला.

"फोटो चांगला येईल," ते म्हणाले. "पण भरलं तू. मी नुसता धरून होतो."

"असं काय बोलता मामा."

"खरं तेच बोलतो. डोकं शिकलं गं पोरी. हात काही शिकायला तयार नाही. या वयात त्याला बडवून तरी काय करू?"

मालकीणबाईंचे डोळे भरून आले. आत ऑफिसात बसा, बिलं बघा, खुर्ची तुमचीच आहे, असं त्या कसंबसं म्हणाल्या. मामांनी नकारार्थी मान हलवली. खुर्चीत बसून आपण महिन्याभरात म्हातारे होऊ, आपल्याला येणारी-जाणारी गाडी दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी फाटकाजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे चाकांत हवा भरायचं यंत्र होतं आणि भिंतीवर त्याची नळी गुंडाळून टांगली होती.

"मला तिथं ठेव," मामा म्हणाले. "कंपन्या किती का बदलेनात, हवेला रंग नसतो."